जिन्याखालचा दुसरा दिवा

विजेचे नवे स्मार्ट मीटर बसवून माणसं गेली त्याच रात्री आईनं मला हाक मारली. "अगं, जिन्याखाली लाल दिवा लुकलुकतोय. आत काही जळत तर नाही ना?"

आमचं घर दुमजली. वर दादा-वहिनी राहतात, खाली आई आणि मी. दोन्ही मजल्यांचे मीटर वेगळे, पण जिन्याखाली एकाच फळीवर शेजारी-शेजारी. वर्षानुवर्षं तिथं चकती फिरणारे काळे मीटर होते. त्यांची चकती जोरात फिरायला लागली की आई ओरडायची, इस्त्री बंद करा. तिला त्या चकतीची भाषा येत होती. नव्या मीटरांवर चकती नव्हती, आकडे आपोआप बदलणारा पडदा होता, आणि चार बारीक दिवे. बसवणाऱ्यांनी जुन्या मीटरचं रीडिंग लिहून घेतलं, सही घेतली आणि पुढच्या घरी गेले. कुठला दिवा कशाचा, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

आईला मी त्या रात्री "काही नाही, झोप" म्हटलं खरं, पण मलाही माहीत नव्हतं. सकाळी बॅटरी घेऊन मीटरच्या तोंडावरची पट्टी वाचली. लुकलुकणाऱ्या दिव्याशेजारी बारीक अक्षरांत छापलं होतं: ३२०० इम्प/केडब्ल्यूएच. म्हणजे एक युनिट वीज वापरली की हा दिवा ३२०० वेळा लुकलुकणार. जुनी चकती जे काम करत होती तेच काम हा दिवा करतो. मीटर तपासणारे लोकसुद्धा याच दिव्यासमोर प्रकाश ओळखणारा सेन्सर धरतात आणि त्यांच्या प्रमाण मीटरशी ताळा करतात. दिवा लाल असला तरी त्यात धोक्याचं काही नाही. लाल म्हणजे धोका हे समीकरण मीटरच्या बाबतीत डोक्यातून काढून टाकलेलं बरं, कारण कुठल्या रंगाचा कुठला अर्थ हे मीटर बनवणाऱ्यागणिक बदलतं. रंगापेक्षा दिव्याखाली छापलेली अक्षरं वाचावीत.

मग मला त्या दिव्याचं वेडच लागलं. हिशेब सोपा आहे. तासात ३६०० सेकंद. त्यांना ३२०० नं भागलं की १.१२५ येतात. म्हणजे घरात बरोबर एक किलोवॅटचा भार चालू असेल तर दर १.१२५ सेकंदाला एक लुकलुक. घरातलं सगळं बंद करून फक्त हजार वॅटची इस्त्री लावली, फोनवरचं घड्याळ चालू केलं आणि वीस लुकलुकी मोजल्या. साडेबावीस सेकंद. आईला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे चकतीच की गं ही." तिची भीती गेली.

मेन स्विच पाडल्यावर मात्र मी पुन्हा घाबरले होते, कारण तेव्हा तो दिवा विझला नाही, उलट न लुकलुकता सलग पेटून राहिला. आमच्या मीटरमध्ये ती 'भार नाही' हे सांगायची पद्धत आहे, हे नंतर कळलं. काही मीटरमध्ये अशा वेळी दिवा विझतो, काहींमध्ये स्थिर राहतो. घरात काहीही चालू नसताना मीटरनं स्वतःहून पुढे सरकता कामा नये, ही त्याच्या प्रमाणित चाचणीतली अटच असते. चिंता करावी ती सगळं बंद असताना दिवा लुकलुकत राहिला तर.

हे सगळं लुकलुकणाऱ्या दिव्याचं. ज्याच्यामुळे हे लिहायला बसले तो दुसरा.

उरलेल्या तीन दिव्यांपैकी एक मधूनच क्षणभर चमकायचा. तो नेटवर्कचा. मीटरच्या पोटात एक मोडेम असतो, तो रीडिंग कार्यालयाला पाठवतो, आणि हा दिवा त्याची खूण. नेटवर्क गेलं तरी मोजणी थांबत नाही, मीटर आकडे साठवून ठेवतो आणि नंतर पाठवतो. एक मीटरच्या आतल्या स्विचचा. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त भार गेला किंवा कार्यालयातून पुरवठा तोडला, तर तो स्विच उघडतो आणि दिवा तसं सांगतो. आमचा कधी लागला नाही. आणि उरलेल्या दिव्याखाली छापलं होतं 'अर्थ', म्हणजे इंग्रजीतला अर्थ, जमीन. तो रोज सकाळी लागायचा. दीडेक तासानं विझायचा.

महिनाभर मी त्याकडे लक्षच दिलं नाही. मग एका रविवारी आमच्याकडे आलेल्या एका नातेवाइकांनी जिन्याखाली चपला काढताना तो पाहिला आणि म्हणाले, "हा दिवा लागला म्हणजे मीटरशी छेडछाड. चोरी धरतात याच्यावरून. सांभाळा हं." ते बोलून गेले, पण आई त्या रात्री झोपली नाही. बाबा असताना या घराचं एकही बिल कधी थकलं नव्हतं, आणि आपल्या दारात चोरीचा दिवा लागतो, हे तिला सहनच होईना. ती सकाळी उठून जिन्याखाली जाऊन उभी राहायची. दिवा दिसला की तोंड उतरायचं. तिला तसं उभं राहिलेलं पाहिलं की माझ्या पोटात तुटायचं. तो दिवा काय म्हणतोय हे शोधून काढायचं मी तेव्हा ठरवलं.

वीज कार्यालयाच्या मदत क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या मुलीनं ग्राहक क्रमांक विचारला आणि म्हणाली, "मीटर नॉर्मल दाखवतोय मॅडम." दिव्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "घरातलं अर्थिंग तपासून घ्या." अर्थिंग तपासलं, ते ठीक निघालं. पुढे काय करायचं ते कुणी सांगेना.

इकडे दादाचं वेगळंच चाललं होतं. नवा मीटर लागल्यापासून त्यांचं बिल वाढलं होतं. आधी महिन्याला १४०-१५० युनिट यायचे, ते एकदम २४० च्या घरात. आमचं जवळजवळ होतं तेवढंच. दादा म्हणायचा, मीटर पळतोय. वहिनी म्हणायची, उगाच दिवे चालू ठेवता तुम्ही. दोघांत यावरून खरोखर वाद झाले, आणि खाली ऐकू येतील इतके झाले.

मग दादा-वहिनी मुलांना घेऊन आठ दिवस बाहेरगावी गेले. जाताना फ्रीज रिकामा करून मेन पाडून गेले. पाचव्या दिवशी सकाळी दादाचा फोन, आवाज बदललेला. "वर कुणी आहे का गं?" मी म्हटलं, कोण असणार, किल्ली माझ्याकडे आहे. तो म्हणाला, "मग वीज कोण वापरतंय?" त्यानं फोनवर मीटरचा आलेख उघडला होता. स्मार्ट मीटर दर अर्ध्या तासाचा वापर वेगळा नोंदवतो, आणि तो आलेख ग्राहकाला पाहता येतो. त्या आलेखात दिवसभर सपाट शून्य, आणि रोज सकाळी साडेसहा ते आठ तीन खांब. प्रत्येकी जवळपास एक युनिट. पाचही दिवस.

मी किल्ली घेऊन वर गेले. खरं सांगते, हात थरथरत होते. घर कुलूपबंद, मेन खाली, सगळं जसंच्या तसं. बंद घरात रोज सकाळी तीन युनिट.

अर्ध्या तासात एक युनिट म्हणजे दोन किलोवॅट. जिन्यात उभी राहून हा गुणाकार केला आणि एकदम लक्षात आलं, दोन किलोवॅटची एकच वस्तू आहे, आणि ती आमच्या न्हाणीघरात आहे. आमचा गिझर. साडेसहा ते आठ हीच त्याची वेळ. आणि तो 'अर्थ'चा दिवाही याच वेळी लागतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला न्हाणीघराच्या दाराशी उभं केलं आणि मी जिन्याखाली बसले. काहीही उघडायचं नव्हतं, मीटरच्या सीलला हात लावायचा नव्हता, नुसतं बघायचं होतं. आमच्या घरातलं बाकी सगळं बंद. वरचा मेन खालीच. दोन्ही मीटरांवरचा लुकलुकणारा दिवा सलग पेटलेला, म्हणजे दोन्हीकडे भार शून्य. "लाव," मी ओरडले. आईनं गिझर लावला.

दोन्ही मीटर एकाच वेळी लुकलुकायला लागले. एकाच ठेक्यात. आमचा आणि वरचाही, ज्याचा मेन पडलेला होता. आणि दोघांचेही 'अर्थ'चे दिवे पेटले. मी वीस लुकलुकी मोजल्या, ११.३ सेकंद. मग वरच्या मीटरच्या मोजल्या, तेवढ्याच. "बंद कर." दोन्ही थांबले, दोन्ही 'अर्थ' विझले. पुन्हा लाव, पुन्हा तेच. आम्ही चार वेळा केलं. एकच गिझर दोन मीटरांवर मोजला जात होता.

मीटरच्या बटणानं पडद्यावरचे आकडे पुढे सरकवता येतात. प्रत्येक आकड्याच्या कडेला एक सांकेतिक क्रमांक असतो आणि तो जगभर बऱ्याच मीटरांवर सारखाच असतो: १.८.० म्हणजे आजवरचा एकूण वापर, ३१.७.० म्हणजे आत्ता फेजमधून, घरात वीज आणणाऱ्या वायरीतून, जाणारा करंट, ९१.७.० म्हणजे न्यूट्रलमधला, वीज परत नेणाऱ्या वायरीतला, करंट. आमच्या मीटरांवर हे तिन्ही दिसत होते. गिझर चालू असताना आमच्या मीटरवर फेज ८.७ अँपियर, न्यूट्रल शून्य. वरच्या मीटरवर फेज शून्य, न्यूट्रल ८.७. मी ते कागदावर लिहिलं आणि फोटो काढले. हे चार आकडे पाहिल्यावर पुढं काय ते मला अर्धंमुर्धं कळलं. पूर्ण कळलं ते वायरमनकाकांकडून.

हे काका आमच्या ओळखीचे, आता साठीच्या पुढचे. कागद पाहून त्यांनी लगेच विचारलं, "वरचा मजला चढवला तेव्हा खालच्या न्हाणीघराचं वायरिंग बदललं होतं का?" बदललं होतं. ते म्हणाले, "मग न्यूट्रल मिक्स झालाय."

त्यांनी टाँग टेस्टर काढला. चिमट्यासारखं तोंड असतं त्याचं, वायरभोवती धरायचं की करंट दाखवतो, वायर सोलावी लागत नाही. आधी त्यांनी मला आमच्या मीटरमधून घरात जाणाऱ्या फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी एकत्र त्या चिमट्यात धरून दाखवल्या. "जेवढा गेला तेवढाच परत आला, तर इथं शून्य दिसायला पाहिजे," ते म्हणाले. "जाणारा आणि येणारा एकमेकांना खोडतात." गिझर लावला. टेस्टरवर ८.७. म्हणजे आमच्या फेजमधून गेलेला करंट आमच्या न्यूट्रलमधून परत येतच नव्हता. तो वरच्या मजल्याच्या न्यूट्रलमधून परत जात होता, वरच्या मीटरमधून.

'अर्थ'चा दिवा नेमका हाच फरक पाहतो. फेजमधला करंट आणि न्यूट्रलमधला करंट यांत ठरावीक मर्यादेबाहेर तफावत आली की तो लागतो. कारण मीटरला एवढंच कळतं की गेलेलं परत आलेलं नाही. ते जमिनीत गेलं, शेजारच्या न्यूट्रलमधून गेलं, इन्व्हर्टरच्या चुकीच्या जोडणीतून गेलं की कुणी मुद्दाम पळवलं, हे त्याला कळत नाही. वीजचोरीत न्यूट्रलऐवजी जमिनीचा वापर करतात म्हणून हा दिवा चोरीशी जोडला गेला, पण प्रामाणिक घरातल्या चुकलेल्या वायरिंगमध्येही तो तसाच लागतो. काकांनी हे आईला समोर बसवून सांगितलं. "वहिनी, हा चोरीचा दिवा नाही. तुमचा करंट वाट चुकलाय, एवढंच तो सांगतोय." आईनं पदरानं डोळे पुसले.

आता दादाच्या बिलाचं. जुना चकतीचा मीटर, ज्याची मूळ रचना १८८९ पासूनची आहे, करंट मोजतो तो फेजच्या वायरीतला. न्यूट्रलमधून काय जातंय याची त्याला गंधवार्ता नसते. त्यामुळे इतकी वर्षं आमचा गिझर फक्त आमच्या मीटरवर पडत होता आणि वरच्या मीटरला पत्ता नव्हता. नव्या मीटरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीवर सेन्सर असतात, आणि दोन्हींत फरक असेल तर आमच्या प्रकारचा मीटर जो जास्त असेल त्यावर युनिट मोजतो. चोरी पकडण्यासाठीच ती सोय. आमच्या मीटरनं फेजचे ८.७ धरले, वरच्यानं न्यूट्रलचे ८.७. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि एकच वीज दोनदा मोजली गेली. दिवसाला तीन युनिट, महिन्याला नव्वद. दादाचं बिल वाढलं होतं ते तेवढंच. मीटर पळत नव्हता आणि वहिनीचं म्हणणंही बरोबर नव्हतं.

यात पैशापेक्षा मोठी गोष्ट होती, आणि ती सांगताना काका गंभीर झाले. वरचा मेन एकपदरी होता, म्हणजे तो पाडला की फक्त फेज तुटायचा, न्यूट्रल जोडलेलाच राहायचा. म्हणून वरचं घर बंद असतानाही आमचा गिझर चालायचा. आता समजा, वर कुणी कामाला आलं, मेन पाडून 'बंद आहे' या भरवशावर त्यानं न्यूट्रलची जोडणी सोडवली, आणि त्याच क्षणी खाली गिझर चालू आहे. सुटलेल्या त्या वायरीच्या टोकावर गिझरच्या कॉइलमधून येणारा पूर्ण २३० व्होल्टचा दाब उभा राहणार, आणि हातात धरणाऱ्याला वाटणार की हा न्यूट्रल आहे. मागे दिवाणखान्याच्या पंख्याच्या कामाच्या वेळी दादानं स्वतः वरचा बोर्ड उघडला होता. तेव्हा गिझरची वेळ नव्हती. नुसत्या आठवणीनं माझ्या अंगावर काटा आला.

दुरुस्ती तासाभराची होती. जिन्याच्या वळणावर भिंतीत एक जंक्शन बॉक्स, म्हणजे वायरींच्या जोडण्यांचा डबा, आहे, रंगाच्या थराखाली दबलेला. काकांनी दोन्ही मजल्यांचे मेन पाडले, कटआउट, म्हणजे मीटरपाशचे फ्यूज, काढून खिशात ठेवले, टेस्टरनं प्रत्येक टोक तपासलं आणि मगच झाकण उघडलं. आत दोन्ही मजल्यांचे न्यूट्रल एकाच भोकातून आलेले, एकसारखे. मजला चढवताना ज्यानं गिझरची लाइन ओढली त्यानं हाताला आला तो न्यूट्रल पिळून टाकला होता. काकांनी तो सोडवून खालच्या न्यूट्रलला जोडला. गिझर लावला. आमच्या मीटरवर फेज ८.७, न्यूट्रल ८.७. वरचा दिवा सलग. 'अर्थ' दोन्हीकडे विझलेला. आई जिन्याखाली बराच वेळ उभी होती, आणि या वेळी मी तिला आत बोलावलं नाही.

त्याच दिवशी काकांनी दोन्ही मजल्यांना दुपदरी मेन आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवायला लावला. आरसीसीबीही हाच फरक पाहतो, गेला किती आणि आला किती. पण मीटर दिवा लावून थांबतो, हा पुरवठाच तोडतो. आणि त्यानं पहिल्याच संध्याकाळी आमच्याकडची लाइन पाडली! जिन्यातला दिवा लावला की खालचं घर अंधारात. काका दुसऱ्या दिवशी आले आणि न तपासताच म्हणाले, जिन्याच्या दिव्याचा फेज खालचा आणि न्यूट्रल वरचा असणार. तसंच निघालं. पंधरा वॅटचा दिवा, ६५ मिलिअँपियर. एवढ्याशा फरकानं मीटरचा दिवा कधीच लागला नव्हता. म्हणजे 'अर्थ'चा दिवा विझलेला आहे, यावरून वायरिंग निर्दोष आहे असं धरता येत नाही.

दादानं जादा युनिटसाठी अर्ज केला. उत्तर आलं की मीटर अचूक आहे आणि मीटरच्या पुढचं वायरिंग ही घरमालकाची जबाबदारी. वायरिंगची चूक आमची होती, हे मला मान्य आहे. पण हा मीटर अशा प्रत्येक घटनेची तारीख-वेळेसह नोंद करतो आणि ती कार्यालयाला पाठवू शकतो. बसवल्याच्या पहिल्याच सकाळी त्यानं सांगायला सुरुवात केली होती, आणि ज्यांच्या घरात ते घडत होतं त्यांना कुणी एक संदेशसुद्धा पाठवला नाही. आमच्या भाषेत चार ओळींचा एक कागद मीटरशेजारी चिकटवला असता, की हा दिवा मोजणीचा, हा नेटवर्कचा, आणि हा लागला तर वायरमनला बोलवा, तर माझ्या आईच्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या. ही माझी तक्रार आहे आणि मी ती लेखी दिली आहे.

तोवर कागद मीच चिकटवला. त्यात आणखी एक ओळ घातली, काकांच्या सांगण्यावरून: दिवा कुठलाही असो, मीटरपाशी जळका वास आला, वायर शिरते तिथं काळं पडलेलं दिसलं किंवा चरचर ऐकू आली तर हात न लावता लगेच फोन करायचा. सैल स्क्रूमुळे तापणाऱ्या जोडणीसाठी आमच्या मीटरवर वेगळा दिवा नाही.

दादाला मी अडीच महिन्यांच्या गिझरचे पैसे द्यायला गेले तर त्यानं घेतले नाहीत. वहिनीनं घेतले, आणि म्हणाली, "हे आरसीसीबीचे."

जंक्शन बॉक्स बंद करण्याआधी काकांनी दोन्ही न्यूट्रलना वेगवेगळ्या टेप गुंडाळल्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहिलं: पिवळी टेप खालची, पांढरी टेप वरची. त्याखाली तारीख, आणि त्यांची सही.